एकाच आठवड्याचे वाढत जाणारे आकडे: अ‍ॅरे फील्डवरच्या इंडेक्सचं एक प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका आठवड्याचा अहवाल मार्च संपताना कुणीतरी पुन्हा काढला आणि आकडा वाढलेला निघाला. सरून गेलेल्या आठवड्यात नव्याने काही घडायचं कारण नाही. तरीही त्या आठवड्यात प्रलंबित झालेल्या तक्रार-तिकिटांची संख्या पहिल्या अहवालापेक्षा जास्त होती, आणि एप्रिलच्या मध्यावर तिसऱ्यांदा काढली तेव्हा ती आणखी फुगली होती. हाच अहवाल फार हळू चालतो, अशी दुसरी एक तक्रारही आमच्याकडे पडून होती. ती वेगळी समजून आम्ही वेगळ्या माणसाकडे दिली होती. दोन्हींचं मूळ एकच होतं, पण तिथे पोचायच्या आधी आम्ही बराच वेळ भलतीकडे घालवला.

आधी मांडणी सांगतो. तक्रारींची तिकिटं ठेवणारी ही यंत्रणा मोंगोडीबी या डेटाबेसवर चालते. एका तिकिटाचं एक डॉक्युमेंट, आणि त्यातला एकेक रकाना म्हणजे फील्ड. त्यात तिकिटाचा क्रमांक, विभाग, टॅगांचा एक अ‍ॅरे (म्हणजे यादी) आणि 'इतिहास' नावाचा दुसरा अ‍ॅरे. तिकिटाची स्थिती बदलली की इतिहासाच्या शेपटाला एक छोटी नोंद जोडली जाते: स्थिती, वेळ, कोणी बदलली. तिकीट उघडलं की एकाच वाचनात सगळा प्रवास समोर येतो, त्यामुळे ही मांडणी सगळ्यांना आवडायची. मलाही. अहवालाला मात्र तिकीट नको असतं, त्याला घटना हव्या असतात. हा फरक तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

आकडा वाढल्यावर पहिला संशय टाइमझोनवर गेला. मोंगोडीबी तारखा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवते, त्यामुळे आठवड्याच्या सीमेवरची काही तिकिटं इकडची तिकडे होऊ शकतात. पण तसं असतं तर आकडा एकदाच चुकला असता आणि तिथेच थांबला असता. दर वेळी वाढला नसता. मग कॅशेवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या उत्तरांवर, खापर फुटलं. कॅशे बंद करून पाहिली, आकडा तोच. तिसरा संशय जुन्या तारखा टाकून नोंदी करणाऱ्या लोकांवर होता. तो मी फार लांबवत नाही, कारण तो निव्वळ अन्याय होता.

वेगाची तक्रार सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने तोवर इतिहास.स्थिती आणि इतिहास.वेळ या दोन फील्डांवर मिळून एक संयुक्त इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) बांधला होता. कल्पना रास्त होती. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, तीन अटी होत्या: इतिहास.स्थिती बरोबर प्रलंबित, इतिहास.वेळ 10 फेब्रुवारी किंवा त्यानंतरची, इतिहास.वेळ 17 फेब्रुवारीच्या आधीची. एक समानतेची अट, मग एक पल्ला. इंडेक्सचा क्रमही तोच. पुस्तकात दाखवावं असं सगळं. पण वेगात पडलेला फरक जेमतेम.

त्याने एक्सप्लेनची, म्हणजे क्वेरी कशी चालली याच्या डेटाबेसने दिलेल्या विवरणाची, आकडेवारी काढली, आणि गंमत अशी की ती चांगली दिसत होती. तपासलेली डॉक्युमेंट आणि परत आलेली डॉक्युमेंट यांचं प्रमाण जवळपास एकास एक. आपण सगळे हेच प्रमाण आधी बघतो. ते बिघडलेलं असलं की इंडेक्स नीट वापरला गेला नाही असं समजतो. इथे ते निरोगी होतं. मग क्वेरी हळू का? कारण ती खरोखरच ढीगभर डॉक्युमेंट परत करत होती. एका आठवड्यात इतकी तिकिटं प्रलंबित होतात का, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. तो विचारला नाही, कारण एका माणसाचं काम वेग बघायचं होतं आणि दुसऱ्याचं आकडा.

दोघांना एका टेबलावर बसवलं तेव्हा एक्सप्लेनमधली आणखी एक ओळ दिसली. इंडेक्सच्या सीमा जिथे छापलेल्या असतात, तिथे स्थितीसाठी फक्त 'प्रलंबित' होतं, ते ठीक. पण वेळेसाठी मिनकीपासून मॅक्सकीपर्यंत, म्हणजे अनादी ते अनंत. तारखेची अट इंडेक्सने वापरलीच नव्हती. आजवर कधीही प्रलंबित झालेलं प्रत्येक तिकीट तो उचलत होता आणि तारखा मग डॉक्युमेंट उघडून तपासत होता.

डेटाबेस इतका आळशी का वागला? खरं तर तो काटेकोर वागत होता. हे समजायला चार तिकिटं पुरतात, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो.

तिकीट क: 3 जानेवारीला नवीन, 9 जानेवारीला प्रलंबित, 20 मार्चला बंद. तिकीट ख: 11 फेब्रुवारीला नवीन, 12 फेब्रुवारीला प्रलंबित, 14 फेब्रुवारीला बंद. तिकीट ग: 2 फेब्रुवारीला नवीन, 12 फेब्रुवारीला चालू, 25 फेब्रुवारीला प्रलंबित. तिकीट घ: 5 जानेवारीला नवीन, 20 जानेवारीला प्रलंबित, 12 फेब्रुवारीला बंद.

10 ते 16 फेब्रुवारी या आठवड्यात प्रलंबित झालेलं तिकीट यात एकच आहे, ख. आता आमच्या तीन अटी क या तिकिटाला लावून बघा. त्याच्या इतिहासात प्रलंबित आहे का? आहे, 9 जानेवारीचं. 10 फेब्रुवारी किंवा नंतरची एखादी वेळ आहे का? आहे, 20 मार्च. 17 फेब्रुवारीच्या आधीची एखादी वेळ आहे का? आहे, 3 जानेवारी. तिन्ही अटी पुऱ्या, तिकीट पास. फेब्रुवारीत या तिकिटाला कुणी हातही लावलेला नाही, तरी ते फेब्रुवारीच्या अहवालात येऊन बसलं.

अ‍ॅरेवरच्या सुट्या अटींचा अर्थच असा असतो: प्रत्येक अट अ‍ॅरेतल्या कुठल्या ना कुठल्या घटकाने पुरी केली की झालं, आणि हा घटक दर अटीला वेगळा असू शकतो. एकाच वेळेच्या दोन टोकांनाही हेच लागू होतं. 'पेक्षा मोठं' एका नोंदीने भागवलं, 'पेक्षा लहान' दुसरीने, आणि मधल्या पल्ल्यात कुणीच नाही.

आकडा दर वेळी का वाढला तेही इथेच उलगडतं. 17 फेब्रुवारीच्या सकाळी अहवाल काढला तेव्हा क बंद झालेलं नव्हतं, म्हणजे 10 फेब्रुवारीनंतरची एकही नोंद त्यात नव्हती. ते गाळलं गेलं. ग तोवर प्रलंबित झालेलंच नव्हतं. तेही गाळलं गेलं. ख आलं, ते खरं. घ आलं, ते खोटं: प्रलंबित जानेवारीत, फेब्रुवारीत झालं ते बंद. म्हणजे त्या दिवशी उत्तर 2. मार्चअखेरीस क आणि ग दोन्ही आत आले, उत्तर 4. खरं उत्तर पहिल्यापासून 1. आठवडा जितका जुना, तितकी त्याच्या दोन्ही बाजूंना नोंदी असलेली तिकिटं जास्त, आणि तितका आकडा फुगलेला. ताज्या आठवड्याचा आकडा त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळ असायचा, म्हणूनच इतके दिवस कुणाला शंका आली नाही. मला यातलं सगळ्यात बोचलं ते घ. आठवडाभर राबून लोकांनी जुनी तिकिटं बंद करायची, आणि अहवालात ती 'या आठवड्यात प्रलंबित झालेली' म्हणून मोजली जायची.

आता इंडेक्सकडे. साध्या फील्डवरच्या इंडेक्समध्ये एका डॉक्युमेंटची एक की, म्हणजे सूचीतली एक ओळ, असते. फील्डमध्ये अ‍ॅरे आला की मोंगोडीबी अ‍ॅरेच्या प्रत्येक वेगळ्या घटकासाठी एक की टाकते आणि तो इंडेक्स आपोआप मल्टिकी (अनेक कींचा) होतो. वर्गाच्या हजेरीपटाऐवजी पुस्तकाच्या शेवटी असलेली शब्दसूची डोळ्यांसमोर आणा. एकच पान अनेक शब्दांखाली येतं. वरच्या चार तिकिटांच्या 12 की झाल्या. प्रलंबित या स्थितीखाली चार की आहेत, तारखांच्या क्रमाने: 9 जानेवारी, 20 जानेवारी, 12 फेब्रुवारी, 25 फेब्रुवारी. आता आमच्या सुट्या अटींसाठी डेटाबेसने फक्त 12 फेब्रुवारीची की उचलली असती तर क, ग आणि घ हातचे गेले असते. आम्ही विचारलेल्या प्रश्नाच्या अर्थाने ती तिन्ही बरोबर उत्तरं होती! म्हणून त्याला तारखेची सीमा आवळताच येत नव्हती. इंडेक्स हळू नव्हता, आमच्या चुकीच्या प्रश्नाचं तो इमानदारीने पूर्ण उत्तर देत होता.

उपाय एका शब्दाचा: एलेममॅच. इतिहास या अ‍ॅरेत असा एक घटक हवा, ज्याची स्थितीही प्रलंबित आणि वेळही या पल्ल्यातली, असं एकत्र सांगायचं. तिन्ही अटी एकाच घटकावर बांधल्या गेल्या की डेटाबेसला दोन्ही फील्डांच्या सीमा जोडता येतात. इंडेक्स तोच, नव्याने काही बांधलं नाही. एक्सप्लेनमध्ये मिनकी-मॅक्सकी जाऊन त्या जागी दोन तारखा आल्या. अहवाल क्षणात निघाला आणि फेब्रुवारीच्या त्या आठवड्याचा आकडा, कितीदाही काढा, तोच येऊ लागला.

एक खुलासा अहवाल वाचणाऱ्यांना विचारून करून घ्यावा लागला. एखादं तिकीट एकाच आठवड्यात दोनदा प्रलंबित झालं तर इंडेक्समध्ये त्याच्या दोन की सापडतात, पण डॉक्युमेंट एकदाच परत येतं. डेटाबेस दुबार काढून टाकतो. म्हणजे आपण तिकिटं मोजतोय, प्रलंबित होण्याच्या घटना नाही. त्यांना तिकिटंच हवी होती. घटना हव्या असत्या तर क्वेरी वेगळी लिहावी लागली असती.

प्रकरण इथे संपलं असतं. पण इंडेक्सला हात लागलाच आहे तर विभाग आणि टॅग यांची गाळणीही त्यात बसवू, असं ठरलं. टॅग, मग इतिहास.स्थिती, मग इतिहास.वेळ असा नवा इंडेक्स चाचणीच्या डेटाबेसवर बांधला, तो निमूट बांधला गेला. खऱ्या डेटावर बांधायला घेतल्यावर मोंगोडीबीने नकार दिला: समांतर अ‍ॅरेंवर इंडेक्स करता येत नाही. नियम असा आहे की संयुक्त इंडेक्समधल्या फील्डांपैकी एका डॉक्युमेंटमध्ये जास्तीत जास्त एकच अ‍ॅरे असू शकतो. कारण सरळ आहे. 8 टॅग आणि 12 नोंदी असलेल्या एका तिकिटासाठी प्रत्येक टॅगाची प्रत्येक नोंदीशी जोडी लावावी लागली असती, म्हणजे 96 की. अ‍ॅरे वाढले की गुणाकार वाढतो आणि इंडेक्स मूळ डेटाला गिळून बसतो. इतिहास.स्थिती आणि इतिहास.वेळ एकत्र चालतात, कारण ती दोन्ही एकाच अ‍ॅरेच्या आतली आहेत. तिथे जोड्या नाहीत, एका नोंदीची एक की.

मग चाचणीत का चाललं? चाचणीच्या डेटात टॅग हा अ‍ॅरेच नव्हता. कुणीतरी घाईत प्रत्येक तिकिटाला एकच टॅग साधा मजकूर म्हणून लिहून ठेवला होता. नियम डॉक्युमेंटगणिक तपासला जातो, त्यामुळे तिथे त्याचा भंग कुठेच झाला नाही. आमचं नशीब की खऱ्या डेटात दोन्ही अ‍ॅरे आधीपासून भरलेले होते, म्हणून बांधतानाच अडलं. कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंटांचा गठ्ठा, रिकामं असतं तर इंडेक्स बांधला गेला असता आणि मग दोन्ही अ‍ॅरे घेऊन येणारं पहिलंच तिकीट नोंदवताना त्रुटी आली असती, तीही तक्रार करणाऱ्याच्या समोर.

शेवटी विभाग, इतिहास.स्थिती, इतिहास.वेळ असा इंडेक्स ठेवला. समानतेच्या अटी आधी, पल्ला शेवटी. विभाग साधं फील्ड असल्यामुळे त्याच्या सीमा बिनतक्रार जोडल्या जातात. टॅगाची अट राहिलेल्या थोड्या डॉक्युमेंटांवर उघडून तपासली जाते, आणि तेवढं परवडतं. याची एक किंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतिहासात नवी नोंद जोडली की इंडेक्समध्ये एकच की वाढते. पण तिकीट एका विभागातून दुसऱ्यात वर्ग केलं की त्या तिकिटाच्या सगळ्याच की बदलतात, 12 नोंदी असतील तर 12 काढायच्या आणि 12 घालायच्या. आमच्याकडे विभाग क्वचित बदलतो. जिथे तो दिवसातून चारदा बदलतो तिथे मी हा इंडेक्स घातला नसता.

टॅगांसाठी वेगळा एकफील्डी इंडेक्स होताच. तिथे एक छोटी गोष्ट सापडली. शोधपानावर अनेक टॅग निवडले की क्वेरी ऑल हा ऑपरेटर वापरते: हे सगळे टॅग असलेली तिकिटं द्या. मोंगोडीबी तिथे यादीतल्या एकाच टॅगाने, आमच्याकडे पहिल्याने, इंडेक्स धुंडाळत होती आणि बाकीचे टॅग डॉक्युमेंट उघडून पाहत होती. लोक बहुधा 'तातडीचे' हा टॅग आधी निवडायचे, आणि निम्म्या तिकिटांवर तोच चिकटवलेला असतो. (सगळंच तातडीचं असलं की काहीच तातडीचं नसतं, पण तो डेटाबेसचा प्रश्न नाही.) आम्ही क्वेरी पाठवण्याआधी टॅग दुर्मीळ ते सर्रास या क्रमाने लावतो, बस. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना ही कसरत सहसा करावी लागत नाही. तिथला जिन इंडेक्स प्रत्येक टॅगाची यादी काढून त्यांचा छेद घेतो, आणि 2014 साली आलेल्या 9.4 आवृत्तीपासून जेसनबी या प्रकारात साठवलेल्या डॉक्युमेंटांनाही तो लावता येतो.

क्रमवारीचं दुखणं मात्र जास्त खोल निघालं. अहवालात तिकिटं 'प्रलंबित झाल्याच्या वेळेनुसार, ताजी आधी' हवी होती, आणि क्वेरीत इतिहास.वेळ वर उतरता सॉर्ट लावलेला होता. अ‍ॅरेवर उतरता सॉर्ट लावला की मोंगोडीबी त्या अ‍ॅरेतला सगळ्यात मोठा घटक धरते, चढता लावला की सगळ्यात लहान. 2017 च्या अखेरीस आलेल्या 3.6 आवृत्तीपासून क्वेरीच्या अटींचा या निवडीशी काही संबंध राहिलेला नाही. म्हणजे ख हे तिकीट 12 फेब्रुवारीच्या जागी न लागता 14 फेब्रुवारीच्या, बंद झाल्याच्या जागी लागत होतं. शिवाय त्याच अ‍ॅरेवर सीमा लावलेल्या असल्यामुळे इंडेक्सचा क्रम सॉर्टसाठी वापरता येत नाही, सगळं मेमरीत घेऊन लावावं लागतं. चुकीचा क्रम आणि तोही महागात.

यावर अ‍ॅग्रिगेशनची साखळी, म्हणजे पायरीपायरीने चालणारी क्वेरी, लिहिली. आधी एलेममॅचने तिकिटं गाळायची, मग अनवाइंडने इतिहासातली प्रत्येक नोंद सुटी करायची, मग त्याच अटी सुट्या नोंदींवर पुन्हा लावायच्या, आणि त्यानंतर सॉर्ट. अटी दोनदा लिहिलेल्या बघून पुनरावलोकन करणाऱ्याने पहिली पायरी 'फालतू' म्हणून काढायला सांगितली. ती काढली तर अनवाइंड आख्ख्या कलेक्शनवर चालेल आणि इंडेक्सला कुणी विचारणार नाही. दुसरी काढली तर ख च्या तिन्ही नोंदी अहवालात येतील. दोन्ही हव्यातच. तशी टीप आता कोडमध्ये लिहिलेली आहे.

इतक्या सगळ्यातून गेल्यावर इतिहास वेगळ्या कलेक्शनमध्ये, एका नोंदीला एक डॉक्युमेंट असा ठेवावा का, यावर खडाजंगी झाली. ठेवला असता तर यातलं काहीच घडलं नसतं: मल्टिकी नाही, एलेममॅच नाही, सॉर्ट सरळ. माझं मत त्याच बाजूचं होतं आणि अजूनही आहे. पण तिकिटाचं पान दिवसभर हजारदा उघडतं आणि हा अहवाल आठवड्यातून एकदा निघतो. बहुमताने मांडणी तशीच राहिली, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही.

अपवाद एकच केला. काही तिकिटं माणसं उघडत नाहीत, यंत्रांवर लक्ष ठेवणारी एक स्क्रिप्ट उघडते, आणि दर 5 मिनिटांनी त्यांची स्थिती बदलत राहते. 5 मिनिटांना एक म्हणजे दिवसाला 288 नोंदी, महिन्याला 8,640, आणि इंडेक्समध्ये तेवढ्याच की, एकट्या तिकिटाच्या. नोंद शंभर बाइटची धरली तरी मोंगोडीबीची 16 एमबीची डॉक्युमेंट-मर्यादा दीड-पावणेदोन वर्षांत गाठली जाते. नोंद जोडतानाच (पुश) जुन्या कापून (स्लाइस) शेवटच्या 50 नोंदी ठेवा, असा एक तोडगा सुचवला गेला. पण मग जुन्या आठवड्यांचे आकडे वाढायच्या ऐवजी घटायला लागले असते. त्या तिकिटांचा इतिहास वेगळ्या कलेक्शनमध्ये हलवला, आणि अहवाल दोन्हीकडून वाचतो.

आधी पाठवलेले अहवाल पुन्हा काढून, दुरुस्त आकड्यांसह, ज्यांना पाठवले होते त्यांना पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने विचारलं की प्रलंबित तिकिटं अचानक इतकी कमी कशी झाली.

क, ख, ग आणि घ ही चार तिकिटं आता चाचणीच्या डेटात कायमची आहेत, प्रत्येकाला दोन-दोन टॅग, अ‍ॅरेमध्येच. 10 ते 16 फेब्रुवारीचा अहवाल तिथे दोनदा काढला जातो, एकदा 20 मार्चची नोंद घालण्याआधी आणि एकदा घातल्यावर. दोन्ही वेळा 1 आलं नाही तर बिल्ड, म्हणजे कोडची नवी आवृत्ती, पुढे जात नाही.